मोडा गोवा संग्रहालय

मोडा गोवा संग्रहालय हे गोव्याच्या बार्देश तालुक्यातील कोलवाळ या गावचे वेशभूषाविषयक संग्रहालय आहे. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी आपल्या राहत्या वाड्यात, ‘कासा डोना मारिया’मध्ये, त्याची उभारणी केली. हा वाडा सुमारे ४५० वर्षांपूर्वीचा असल्याचे सांगितले जाते. ‘मोडा’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ फॅशन.

पार्श्वभूमी

लिस्बन येथील राष्ट्रीय वेशभूषा संग्रहालयात काम करताना गोव्याच्या पेहरावाचा इतिहास लिहिण्याची निकड रॉड्रिक्स यांना जाणवली. त्यातून २०१२ साली ‘मोडा गोवा’ हा इंग्रजी ग्रंथ सिद्ध झाला. संग्रहालय हा त्याचाच पुढचा टप्पा होय. त्यासाठी वाडा मोकळा करून ते जवळच्याच लहान घरात राहावयास गेले. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १२ फेब्रुवारी २०२० रोजी कोलवाळ येथेच त्यांचे निधन झाले.

वस्त्रे आणि त्यांचा इतिहास

गोव्यात वस्त्राचा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नव्हता. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांना पुडवें (धोतर) व चोळी वापरण्यास मनाई केली होती. अंगावरील वस्त्रावरून धर्मनिष्ठा जोखली जात असे.

उच्चवर्णीय ख्रिस्ती स्त्रियांचा ‘पानो भाजू’ हा पेहराव या संदर्भात पाहण्याजोगा आहे. ‘पानो’ म्हणजे कमरेचे वस्त्र आणि ‘भाजू’ म्हणजे वर घालावयाचा सैल, जरीकाम केलेला झगा. ‘भाजू’ हा शब्द मलाय ‘बाजू’शी जोडला जातो, पोर्तुगिजांचा मलाक्काशी असलेला व्यापार लक्षात घेता ते स्वाभाविक आहे. मांडो नृत्याच्या वेळी हा वेश आजही दिसतो.

याच्या दुसऱ्या टोकाला कुणबी साडी आहे. जाड सुताची, लाल चौकडीची ही साडी शेतात वाकून काम करता यावे म्हणून आखूड नेसतात आणि पदराची गाठ खांद्यावर मारतात. या गाठीस ‘देठली’ म्हणतात. तिचे विणकाम जवळजवळ थांबले होते. रॉड्रिक्स यांनी २०१० च्या सुमारास हातमागावर ती पुन्हा विणवून घेतली व फॅशनच्या मंचावर आणली. मात्र त्या आवृत्तीत रंग आणि पोत नागर रुचीप्रमाणे बदलले; तेव्हा तिला मूळ साडी न म्हणता तिचे नवे रूप म्हणणेच योग्य.

जरीचा भाजू पेटीत जपला जातो, तर कष्टकरी बाईची साडी विरली की तिची गोधडी होते. कोकणच्या दमट हवेत सूत तसेही फार टिकत नाही. त्यामुळे जुन्या कुणबी साड्या भाजूंच्या मानाने दुर्मीळ आहेत.