कामचेंग : सामुद्रधुनीच्या वसाहतींतील चिनी घरे आणि त्यांची भांडी

१८२६ मध्ये पिनांग, मलाक्का व सिंगापूर मिळून ब्रिटिशांच्या सामुद्रधुनी वसाहती अस्तित्वात आल्या. तेथे स्थिरावलेल्या व हॉक्केन शब्दमिश्रित मलय बोलणाऱ्या बाबा-न्योन्या कुटुंबांसाठी १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात चीनमधील जिंगदेझेनहून खास मागणीबरहुकूम चिनी मातीची रंगीत भांडी येऊ लागली. झाकणाच्या 'कामचेंग'वर फिनिक्स व पिओनीचे फूल असे. ही भांडी विवाहादी मंगलप्रसंगी निघत. निळी-पांढरी भांडी मात्र नित्य वापरात व शोककाळी असत. कारागिरी चिनी, पण रंगांची निवड ग्राहकांची. याच समाजातील चान किम बून यांनी 'तीन राज्ये' ही चिनी कादंबरी १८९२ पासून बाबा मलयमध्ये आणली. त्यामुळे या भांड्यांना मूळ संस्कृतीचे केवळ अवशेष म्हणणे अपुरे ठरते. भाषांतराप्रमाणेच त्यांचा अर्थ स्वीकारणाऱ्याच्या घरात घडला.