परसदार, पाचोळा आणि पुण्याचे दोन पूर

आपल्या मंडळाच्या वाढदिवसाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु सासूबाई म्हणाल्या, "पुस्तकातले नको लिहूस, आपल्या परसातले लिही." म्हणून हे लिहीत आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. आंबी नदीवरचे हे मातीचे धरण पुरते बांधून झाले नव्हते, तोच पावसाने भरले. बांध खचू लागला. रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचली, पण सकाळी धरण गेलेच. ते पाणी खाली आले आणि दुपारपर्यंत खडकवासल्याचे जुने धरणही फुटले. नदीकाठच्या पेठांत हाहाकार झाला.

सासूबाई त्या वेळी अकरा वर्षांच्या होत्या. त्यांचे माहेर शुक्रवार पेठेत. तेथे पाणी आले नाही. पण नारायण पेठेतली त्यांची मावशी तीन मुलांना घेऊन नेसत्या लुगड्यानिशी आली. निघताना तिने दाराला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली होती. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतात तो दार चौकटीसकट वाहून गेलेले! किल्ली तेवढी शिल्लक. मावशीच्या घरी काही कमी नव्हते. दागिने होते, कागदपत्रे होती, पण चार ठिकाणी ठेवलेली. एकही वस्तू गाठोड्यात बांधलेली नव्हती.

पूर ओसरला तरी हाल संपले नाहीत. पुण्याला नळाचे पाणी खडकवासल्याहून येई. धरणच गेल्यावर नळ कोरडे पडले. तेव्हा पुणेकरांना जुन्या विहिरी व हौद आठवले. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजला आंबिल ओढ्यावर तलाव बांधून नळाने शहरातल्या हौदांत पाणी आणले होते. घरोघरी नळ आल्यावर लोकांनी विहिरींत केरकचरा टाकायला सुरुवात केली होती. सासूबाईंच्या आई मात्र आपल्या वाड्याच्या विहिरीत पानही पडू देत नसत. "नळ आल्यावर विहीर कशाला सांभाळायची?" म्हणून बायका हसत. त्याच बायका त्या आठवड्यात घागरी घेऊन त्यांच्या दारी रांगेत उभ्या राहिल्या.

दुसरी शिस्त जळणाची. मृग लागण्याआधी परसातल्या वाळलेल्या झावळ्या, करवंट्या, काटक्या माळ्यावर चढत. त्यामुळे चौदा माणसांचा स्वयंपाक अडला नाही. चुलीची राख डब्यात साठवलेली असे. तिने कोरडी भांडी घासली, पाणी वाचले. उरलेला पाचोळा खड्ड्यात जाई. त्याचे खत होई आणि त्यावर अळू, भोपळा, दोडका येई.

ही खड्ड्याची विद्या आपल्याकडे जुनीच. पण तिला पद्धतशीर रूप दिले ते इंदूरला. होळकरांच्या त्या शहरात अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ पर्यंत होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि १९३० साली निधन होईपर्यंत त्या पतीच्या बरोबरीने काम करीत होत्या. हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ साली या खतावर पुस्तक लिहिले आणि 'इंदूर पद्धत' जगभर गेली. पाचोळ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर थोडी माती व राख, असे थर रचायचे, ओल ठेवायची आणि अधूनमधून वरखाली करायचे, एवढेच त्यात आहे.

आता माझी चूक सांगते. हे सारे रोज ऐकूनही मी वर्षानुवर्षे अंगणातला पाचोळा झाडून गटारात लोटीत होते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. होय, पेशव्यांनी ज्यावर तलाव बांधले तोच ओढा. पुण्यात त्या रात्री कित्येकांचे प्राण गेले. आमच्या गल्लीत पाणी चढले, कारण गटाराची जाळी तुंबली होती. सकाळी यजमानांनी जाळी उपसली, तर प्लास्टिकच्या पिशव्यांबरोबर आमच्याच आंब्याची पाने हाताला लागली. शेजारच्या आजींची गादी भिजली होती. त्या मला काही बोलल्या नाहीत, पण मला वर पाहवेना. आणि त्या रात्री रेशनकार्ड शोधायला मीही अंधारात चार कपाटे उघडली होती. म्हणजे मी मावशीच!

तेव्हापासून परसाच्या कोपऱ्यात, भिंतीपासून दूर, खड्डा आहे. शेण मिळाले नाही तर आंबट ताक व जुन्या खताची मूठ घालते. वर गोणपाट टाकते. नुसती वाळली पाने सावकाश कुजतात. आमचे खत सहा महिन्यांनी होते. पाचोळा जाळीत मात्र नाही. आता उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी आहे, आणि धुराने शेजारच्या आजींना खोकला येतो.

दाराशी एक पिशवी टांगली आहे. तीत कागदपत्रांच्या प्रती, सासूबाईंची गोळ्यांची पाकिटे, विजेरी, काडेपेटी, थोडे पैसे आणि गूळ-शेंगदाणे आहेत. दर महिन्याला ती उघडून पाहते. गोळ्यांची तारीख टळून चालत नाही.

माझी एवढीच विनंती आहे की, दरवर्षी मृगाआधी मंडळाच्या भगिनींनी मिळून आपल्या गल्लीतल्या गटारांच्या जाळ्या पाहाव्यात आणि जिच्या वाड्यात विहीर शिल्लक असेल तिने ती बुजवू नये. पाणी आले की विचार करायला वेळ नसतो. मावशीची ती किल्ली सासूबाईंनी अजून देवघरात ठेवली आहे. कोणाला पाहायची असल्यास अवश्य यावे.