बंदुकीचा आहेर : शस्त्र अधिनियमातील काही ओळींवर भाष्य

अभ्यासका, प्रश्न साधा दिसतो. मामाकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. भाच्याचे लग्न ठरले आहे. ती बंदूक आहेरात द्यावी, असे मामाच्या मनात आहे. देता येईल का? उत्तर शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये आहे, पण एका जागी नाही. कलम २, ३, ५, ९ आणि २५ एकत्र वाचल्यावरच ते हाती येते. मूळ मजकूर इंग्रजी आहे. येथे प्रत्येक ओळीचा आशय मराठीत देतो आणि मग शब्द तपासतो.

पहिली ओळ (कलम २). *हस्तांतरणात भाड्याने देणे, उसने देणे, देऊन टाकणे आणि ताबा सोडणे यांचा समावेश होतो.*

'समावेश होतो' म्हणजे यादी येथे संपत नाही. विक्री तर हस्तांतरण आहेच. त्याशिवाय हेही आहे. 'देऊन टाकणे' म्हणजे मोबदल्याविना देणे. याचा अर्थ, 'मी पैसे घेतले नाहीत, प्रेमाने दिली,' हे म्हणणे कायद्यापुढे बचाव ठरत नाही. 'ताबा सोडणे' त्याहून व्यापक आहे. मालकी मामाचीच राहिली आणि बंदूक मात्र भाच्याच्या घरी गेली, तरी ते हस्तांतरणच.

दुसरी ओळ (कलम २). *संपादनात भाड्याने घेणे, उसने घेणे आणि भेट म्हणून स्वीकारणे यांचा समावेश होतो.*

ही ओळ पहिलीची जोड आहे. दोन्ही एकत्र वाच. आपण ज्याला एकच कृती समजतो, तो आहेर, कायदा दोन कृती मानतो : एकाचे देणे आणि दुसऱ्याचे स्वीकारणे. याचा अर्थ, मामाचे कागद चोख असले म्हणून भाच्याची बाजू आपोआप शुद्ध होत नाही. दोघांना आपापली पात्रता वेगवेगळी सिद्ध करावी लागते. पुढच्या सर्व ओळी या जोडीवर उभ्या आहेत.

तिसरी ओळ (कलम ३). *परवाना असल्याशिवाय कोणीही अग्निशस्त्र किंवा दारूगोळा संपादन करू नये, बाळगू नये, जवळ घेऊन फिरू नये. आणि दोनपेक्षा अधिक अग्निशस्त्रे ठेवू नयेत.*

भाच्याचा स्वतःचा परवाना आधी हवा, आहेर नंतर. 'आधी घेऊन ठेवू, मग अर्ज करू' हा क्रम उलटा आहे. परवान्याविना बाळगल्यास कलम २५ खाली दोन ते पाच वर्षांची कैद आहे. आता संख्येकडे ये. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा तीन होती, ती दोनवर आली. सूचित अर्थ असा : भाच्याकडे आधीच दोन शस्त्रे असतील, तर तिसरे स्वीकारायला त्याला जागाच नाही. म्हणून त्याला विचारणे हा केवळ शिष्टाचार नाही.

या कलमाला एक सवलत जोडलेली आहे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुसरा माणूस शस्त्र नेऊ शकतो. पण दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकाच्याच वापरासाठी. याचा अर्थ, मांडवात फोटोपुरती नवरदेवाच्या हाती बंदूक देणे या तीन कारणांत बसत नाही.

चौथी ओळ (कलम ५, पोटकलम २). *स्वतःच्या खाजगी वापरासाठी कायदेशीररीत्या बाळगलेले शस्त्र, ते बाळगण्यास पात्र असलेल्या व्यक्तीला, वेगळा परवाना न घेता विकता किंवा हस्तांतरित करता येते.*

'वेगळा परवाना न घेता' हे शब्द घाईने वाचणारा चुकतो. येथे माफ झाला आहे तो हस्तांतरणासाठी घ्यायचा परवाना. बाळगण्याचा परवाना दोघांपैकी कोणालाही माफ नाही.

'स्वतःच्या खाजगी वापरासाठी' या शब्दांचे दोन अर्थ लागू शकतात. सैल अर्थ : माझ्या परवान्यावर आहे म्हणजे माझ्या वापराचेच. काटेकोर अर्थ : जे मी वापरासाठी घेतले तेच, द्यायच्या हेतूने विकत घेतलेले नव्हे. दुसरा अर्थ मला ग्राह्य वाटतो. पहिला धरला, तर कलम ५ ने विक्रेत्यावर घातलेले बंधन कोणीही आपल्या परवान्याआडून चुकवू शकेल. म्हणून मामाची वर्षानुवर्षे वापरातली बंदूक या ओळीत सरळ बसते. नवी बंदूक द्यायची असेल, तर निर्धोक वाट अशी : भाच्याने आपल्या परवान्यावर परवानाधारक विक्रेत्याकडून ती घ्यावी आणि मामाने पैसे भरावेत.

पाचवी ओळ (त्याच पोटकलमाचे परंतुक). *मात्र जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला आपला हेतू आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवला पाहिजे, आणि त्यानंतर किमान पंचेचाळीस दिवस गेले पाहिजेत.*

पोलीस आयुक्त असलेल्या शहरात, उदाहरणार्थ मुंबई, पुणे किंवा नागपूर येथे, 'जिल्हादंडाधिकारी' म्हणजे पोलीस आयुक्त. कलम २ च तसे सांगते. 'किंवा' म्हणजे एकाला कळवले तरी पुरे. पण मामा साताऱ्यात आणि भाचा नाशकात असेल तर? अधिकारी कोणाच्या गावचा, हे ओळ उलगडून सांगत नाही. कळवण्याचे कर्तव्य देणाऱ्याचे आहे, म्हणून देणाऱ्याच्या गावचा, असे वाचावे. भाच्याला परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडेही प्रत पाठवावी. त्याने काही बिघडत नाही.

दिवस पत्र लिहिल्यापासून नव्हे, कळवल्यापासून मोजायचे. म्हणून पोच घ्यावी. 'किमान' आणि 'गेले पाहिजेत' हे दोन्ही शब्द एका दिशेला ओढतात : पंचेचाळीस दिवस पूर्ण होऊ द्यावेत, मगच द्यावे. आणि मुदत सरली म्हणजे संमती मिळाली, असे ओळ म्हणत नाही. शस्त्र भाच्याच्या परवान्यावर चढले पाहिजे आणि मामाच्या परवान्यावरून उतरले पाहिजे. परंतुकात दारूगोळाही आहे. काडतुसे 'सोबत' म्हणून जात नाहीत.

सहावी ओळ (कलम ९). *एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीने अग्निशस्त्र संपादन करू नये. आणि अशी व्यक्ती आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तिला कोणीही ते देऊ नये.*

कायद्याने वराचे किमान वय एकवीस आहे, वधूचे अठरा. म्हणजे एकोणीस वर्षांची वधू विवाह करू शकते, बंदुकीचा आहेर घेऊ शकत नाही. 'मानण्यास कारण असताना' हे शब्द देणाऱ्यावर चौकशीचे ओझे टाकतात. आप्ताला 'वय ठाऊक नव्हते' असे म्हणणे जड जाईल.

सातवी ओळ (कलम २५, पोटकलम ९). *बेदरकारपणे किंवा आनंदोत्सवी गोळीबारात अग्निशस्त्र वापरून इतरांचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.*

हे पोटकलम २०१९ चे आहे, आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नसमारंभ नावानिशी आला आहे. 'हवेत उडवली' हे उत्तर कच्चे आहे. हवेत गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, आणि वरातीत खाली माणसे असतात.

बाहेरची एक ओळ (हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१, कलम ३). *मागणी नसताना दिलेल्या भेटी निषिद्ध नाहीत. पण त्यांची यादी हवी, आणि वधूपक्षाची भेट रीतीची व ऐपतीला धरून असावी.*

बंदूक वधूपित्याकडून येत असेल, तर ही ओळ आधी वाच. 'मागणी नसताना' म्हणजे आडून सुचवलेली अपेक्षाही नसताना. जावयाने इच्छा दर्शवली आणि सासऱ्यांनी ती पुरी केली, तर शस्त्र परवान्यात बसेल, पण भेट हुंड्यात मोजली जाण्याचा धोका राहील.

आता सगळे जोडून पाहा. भाच्याला विचारल्याशिवाय त्याचा परवाना, त्याच्याकडील शस्त्रांची संख्या, त्याचे वय यांतले काहीच निश्चित होत नाही. पंचेचाळीस दिवसांमुळे हा आहेर अकस्मात देता येत नाही. विचारल्याविना देऊ नये, घेणाऱ्याच्या घरात त्याला जागा आहे का ते पाहावे, नवी सून ज्या घरात येणार तिथे तिलाही ते मान्य असावे, असे सभ्य माणूस म्हणतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कायद्याने सक्तीच्या केल्या आहेत. तिसरी त्याने आपल्यावर सोपवली आहे, आणि ती सोडू नये. म्हणून क्रम असा धर : आधी विचारणे, मग परवाना, मग लेखी सूचना आणि पोच, मग मुदत, मग दोन्ही परवान्यांवर नोंद, आणि लग्नघर शांत झाल्यावर घरी ताबा. मांडवात मामाने हाती द्यायचे ते नारळ आणि आशीर्वाद.