बारा पटींचा डोळा

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी दरवर्षी एक खटला चालतो. आरोपी तोच, फिर्यादी मात्र बदलतात. कपाटाच्या वरच्या खणातून एक काळी पिशवी खाली येते, तिच्यातून करड्या रंगाचा एक कॅमेरा निघतो आणि कोणीतरी विचारते, "हे अजून ठेवायचंय?" एके वर्षी हा प्रश्न मुलाने विचारला, एके वर्षी सुनेने, आणि एका वर्षी तर पिशवी डोक्यावर पडली म्हणून रंगाऱ्यानेही विचारला. मी साताऱ्यातल्या एका शाळेत एकतीस वर्षे इतिहास शिकवला. तेव्हा जुन्याचे वकीलपत्र माझ्याकडे यावे, हे ओघानेच आले. आजवर प्रत्येक खटला मी जिंकलो. पण युक्तिवाद असा कधी केला नव्हता. तो आज वाचकांपुढे कैफियत म्हणून मांडतो.

हा कॅमेरा मी २००६ सालच्या दसऱ्याला घेतला. नाव कॅनन पॉवरशॉट एस-३ आयएस. दीड महिन्याचा पगार त्यात गेला. आई तेव्हा होती. ती म्हणाली, "काय रे, एवढ्यात दोन तोळे सोनं आलं असतं की!" सोन्याचा आजचा भाव पाहता तिचे अर्थशास्त्र बिनचूक होते, हे कबूल केलेच पाहिजे. पण माझ्या डोक्यात बसली होती ती त्याची झूम. मोठ्या भिंगांची चळत न बाळगता, एकाच भिंगातून जवळचे अंगण आणि लांबचा अजिंक्यतारा दोन्ही टिपणारी. एकाची बारा करणारी झूम!

इतिहासाच्या माणसाला वस्तूची वंशावळ पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. ह्या कॅमेऱ्याची वंशावळ पाहू गेलो, तो एका विलक्षण पूर्वजाशी येऊन ठेपलो. १९३३ साली तोक्योच्या रोप्पोंगी भागात काही तरुणांनी एक छोटी प्रयोगशाळा थाटली. त्यांत गोरो योशिदा नावाचा एक हरहुन्नरी माणूस होता. त्याने लायका हा नामांकित जर्मन कॅमेरा सुटासुटा करून पाहिला आणि आपणही असे यंत्र करू शकू असा निश्चय केला. १९३४ साली नमुना तयार झाला, त्याचे नाव ‘क्वानोन’. क्वानोन, म्हणजे जपानी लोकांची करुणेची देवता कान्नोन. तिच्यावर योशिदाची श्रद्धा होती. भिंगालाही नाव दिले ‘कास्यपा’, म्हणजे बुद्धाचा शिष्य महाकाश्यप! पुढे १९३५ साली जगाच्या बाजारात चालेल असे ‘कॅनन’ हे नाव नोंदवण्यात आले आणि देवता मागे पडली.

पण ही कान्नोन कोण? बौद्ध धर्म आपल्याकडून चीनला गेला, तिथून कोरियामार्गे जपानला पोचला. त्या वाटेने गेलेला अवलोकितेश्वरच तिथे कान्नोन झाला. म्हणजे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेऊन, मान किंचित झुकवून उभा असलेला तो बोधिसत्त्व ह्या यंत्राचा कुलपुरुष! नावातच अवलोकन आहे. खाली दुःखी जगाकडे करुणेने पाहणारा, तो अवलोकितेश्वर. कॅमेऱ्याला ह्याहून समर्पक दैवत शोधून सापडले नसते.

आता दुसरे घराणे, झूमचे. भिंग न बदलता दृश्य लहानमोठे करण्याची युक्ती आधी सिनेमाच्या आणि दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांत आली. पस्तीस मिलिमीटरच्या साध्या कॅमेऱ्यासाठी पहिले झूम-भिंग १९५९ साली फोक्टलेंडर कंपनीने आणले. त्याचे नाव झूमार. ते रचणारा डॉ. फ्रँक बॅक हा मूळचा ऑस्ट्रियाचा, पण अमेरिकेत स्थायिक झालेला. ३६ पासून ८२ मिलिमीटरपर्यंत त्याची धाव, म्हणजे सव्वादोन पटींहून थोडी अधिक. तेवढ्याचेही तेव्हा केवढे अप्रूप!

तिसरे घराणे फिल्मशिवाय चित्र घेणाऱ्यांचे. १९६९ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ ह्यांनी सीसीडी नावाची चकती शोधून काढली. प्रकाशाचे विजेत रूपांतर करून ती वीज घराघरांतून मोजून घेणारी ही चकती. तिच्यासाठी ह्या दोघांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन ह्या तरुण इंजिनिअरने तसली चकती वापरून पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, चित्रात ठिपके अवघे दहा हजार, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद! त्याला सोळा बॅटऱ्या लागत. माझ्या कॅमेऱ्यात ठिपके साठ लाख आणि सेल चार.

ही घराणी २००० सालच्या सुमारास एकत्र नांदू लागली. त्या साली ऑलिंपसने दहा पटींचा सी-२१०० अल्ट्रा झूम काढला. २००२ साली पॅनासॉनिकने बारा पटींचा एफझेड-१ आणला. बारा पट झूम एवढ्याशा यंत्रात मावते कशी, हे कोडे मला फार दिवस होते. गोम अशी, की चित्र ज्या चकतीवर पडते तीच नखाहून लहान असते. जुन्या फिल्मचा चौकोन ३६ मिलिमीटर रुंद. ही चकती सहा मिलिमीटरही नाही. पडदा लहान, म्हणून भिंगही लहान चालते. माझ्या कॅमेऱ्याचे भिंग प्रत्यक्षात ६ ते ७२ मिलिमीटरचे, पण काम करते जुन्या ३६ ते ४३२ मिलिमीटरचे. मोबदलाही द्यावा लागतो. नखाएवढ्या अंगणात ऊन ते किती पडणार? दिवेलागण झाली की ह्याच्या चित्रात रवा पडू लागतो. शिवाय इतक्या लांबचे पाहताना हाताची बारीक थरथरही भूकंपासारखी दिसते. त्यावर उपाय म्हणून थरथर ओळखणारी इंद्रिये आणि तिच्या उलट दिशेला सरकणारे भिंग आत बसवलेले असते. ‘आयएस’ ही दोन अक्षरे त्याचीच.

ह्या दोन अक्षरांची किंमत मला २००७ साली कळली. आईला घेऊन आम्ही औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, गेलो होतो. मकबऱ्यामागच्या डोंगरात लेणी आहेत. सातव्या लेण्यात प्रवेशद्वाराशेजारी अवलोकितेश्वराचे भव्य शिल्प आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अष्टमहाभये कोरली आहेत. आग, चोराची तलवार, बंदिवास, बुडते गलबत, सिंह, साप, मत्त हत्ती आणि मृत्यू अशा एकेका संकटातला माणूस हात जोडून त्याला हाक मारतो आहे. आईचे गुडघे पायऱ्या चढू देईनात. ती खालीच बसली. मी वर गेलो, झूम लावून एकेक भय टिपले आणि खाली येऊन कॅमेऱ्याचा फिरता पडदा तिच्यापुढे धरला. बुडत्या गलबतापाशी ती बराच वेळ थांबली. मग स्वतःच कॅमेरा डोळ्याला लावून तिने वरची लेणी पाहिली. तिचे हात कापत असत. चित्र मात्र बऱ्यापैकी स्थिर होते. "दिसतंय रे सगळं," ती म्हणाली. दोन तोळ्यांचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

त्या आठ भयांत नववे घालायचे झाले तर मी ‘नवे मॉडेल’ हे घालीन. माझा कॅमेरा घेऊन वर्ष झाले नाही तोच त्याचा धाकटा भाऊ एस-५ बाजारात आला. पुढे पटींची शर्यतच लागली. २०१२ साली कॅननचा एसएक्स-५० पन्नास पटींवर गेला; २०१५ साली निकॉनचा पी-९०० त्र्याऐंशी पटींवर आणि २०१८ साली पी-१००० सव्वाशे पटींवर. पण धावता धावता मैदानच आकसले. २०१० साली जगभरात बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२० साली तो आकडा नव्वद लाखांच्याही आत आला. बाकीची गिऱ्हाइके लोकांच्या खिशातल्या मोबाइलने नेली. ज्यांनी माझ्या कॅमेऱ्याला म्हातारा ठरवले, त्यांतले कितीतरी त्याच्याआधी अडगळीत गेले.

हा टिकला तो काही पराक्रमाने नव्हे, साधेपणाने. ज्या कॅमेऱ्यांना त्यांच्या मापाचीच खास बॅटरी लागते, त्यांची बॅटरी मिळेनाशी झाली की चांगले यंत्रही मुके होते. ह्याला लागतात चार पेन्सिल सेल, जे कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळतात. २००५ च्या अखेरीस सान्यो कंपनीने एनेलूप हे नवे पुनर्भरणी सेल आणले. आधीचे तसले सेल नुसते ठेवले तरी रिते होत. हे महिनोन्महिने भरलेले राहतात. कार्डाचेही तसेच. एसडी कार्ड १९९९ पासून आजवर त्याच मापाचे आहे. आत किती मावते हे बदलले, अंगरखा तोच. ज्याला चारचौघांचे अन्न चालते तो प्रवासात उपाशी राहत नाही, हे माणसांबद्दल ऐकले होते. यंत्रांनाही लागू पडते.

अपघात झाले ते माझ्या धांदरटपणाने. २०१३ साली सज्जनगड उतरताना हा माझ्या हातून पायरीवर पडला आणि सेलच्या दाराची खिट्टी तुटली. पुण्याला बुधवार पेठेत एका दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "काका, बाकी ठणठणीत आहे. रबर लावा आणि वापरा." त्याने पैसेही घेतले नाहीत. तेव्हापासून कॅमेऱ्याच्या कंबरेला एक रुंद रबर आहे. मुंजीच्या बटूसारखा दिसतो, पण काम करतो.

दुसरे दुखणे मात्र इतिहासाच्या मास्तराला लाजवणारे होते. कॅमेऱ्यात तारीख लक्षात ठेवण्यासाठी बटणाएवढी एक वेगळी बॅटरी असते. ती केव्हातरी संपली आणि मला दोन वर्षे पत्ताच नव्हता. सेल बदलले की कॅमेरा भलतीच तारीख धरून बसे. म्हणजे ज्याने जन्मभर सनावळ्या तपासल्या, त्याच्याच घरातले कागदपत्र खोटे!

ह्या खोट्या तारखांचा हिशेब २०२४ च्या दिवाळीत चुकता झाला. माझा धाकटा भाऊ रेल्वेत गार्ड होता. सणासुदीला गाड्या जास्त, रजा कमी. त्यामुळे दिवाळीला तो कधी यायचा, कधी नाही. आई २०११ च्या फेब्रुवारीत गेली. तिच्या शेवटच्या दिवाळीला आपण ड्यूटीवर होतो, ही खंत त्याने चौदा वर्षे मनात बाळगली होती. तो बोलत नसे. पण लक्ष्मीपूजनाला आईच्या तसबिरीपुढे फार वेळ उभा राहत असे. त्या संध्याकाळी मी कॅमेऱ्यात एक जुने कार्ड सहज घातले. त्यात एक चित्र निघाले. माजघरात आई पाटावर बसली आहे, पुढे करंज्यांचे ताट, आणि शेजारी आमचे हे चिरंजीव तोंडात करंजी कोंबून हसताहेत.

"हे आधीच्या वर्षीचं, दादा," तो म्हणाला. "शेवटच्या वर्षी मी नव्हतो." चित्रावरची तारीख पाहिली, तर भलत्याच साली जानेवारीची पहिली! जानेवारीत करंज्या?

कागद खोटा निघाला की इतिहासकार अंतःप्रमाण शोधतो. आईच्या मागे भिंतीवर कालनिर्णय होते. ज्या दांडीने बारा पटी लांबचे जवळ येते, तीच दांडी दाबली की टिपलेले चित्रही पडद्यावर मोठे होते. मी दाबत गेलो. आई बाजूला सरली, करंज्या सरल्या, दिनदर्शिका पुढे आली. सालाच्या आकड्यावर कंदिलाची झिरमिळी आली होती. पण महिना वाचता येत होता. नोव्हेंबर! २००९ ची दिवाळी ऑक्टोबरात होती. लक्ष्मीपूजन १७ तारखेला. म्हणजे ते साल बाद. नोव्हेंबरात दिवाळी आली ती २००७ ला आणि २०१० ला. भावाने श्वास रोखला होता. मी पडदा आणखी सरकवला. पाचाचा आकडा शुक्रवारच्या रांगेत होता. २००७ च्या नोव्हेंबरात पाच तारखेला सोमवार होता. पाच नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन हे जुळते ते एकाच साली, २०१० ला.

"अरे, तू होतास," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. कॅमेरा त्याने माझ्या हातून घेतला आणि दांडी उलट फिरवली. कालनिर्णय मागे गेले, करंज्या परत आल्या, आई परत आली. तेवढ्या दोन इंचांच्या पडद्याकडे तो पाहत राहिला. आतून आरतीला हाका येत होत्या. आम्ही थोडे उशिराच गेलो.

कैफियत संपली. यंदाही पिशवी खाली आली, पण "ठेवायचंय का?" असे कोणी विचारले नाही. सूनबाईने तिच्यावरची धूळ पुसली, आणि नातवाने चार सेल चार्ज करायला लावले. मी तेवढे एकच केले. बटणाएवढी नवी बॅटरी बसवली आणि तारीख बरोबर लावून ठेवली.