कुत्र्यांच्या हालचाली : सवय कोणती, आजार कोणता?

झोपण्यापूर्वी अंथरुणावर दोन-तीन गिरक्या घेणे, आंघोळ होताच घरभर सुसाट धावत सुटणे किंवा नवा आवाज ऐकून मान कलती करणे, या हालचाली निरोगी कुत्र्यांतही दिसतात. मात्र गिरक्या घेणे, मान कलणे ही मेंदू, कान वा सांध्यांच्या विकारांची लक्षणेही असू शकतात. त्यामुळे ती हालचाल केव्हा सुरू झाली, किती वेळ टिकते आणि हाक मारल्यावर थांबते का, याकडे लक्ष देणे आवश्यक ठरते.

शेपटीचा पाठलाग : पिल्लांच्या बाबतीत हा खेळ असतो. मोठा कुत्रा खाणेपिणे विसरून गोल फिरत राहिला, तर तो वर्तनविकार असू शकतो. बुल टेरियर व जर्मन शेफर्ड या जातींत तो विशेष आढळतो. पिसवा किंवा त्वचेची खाज हेही कारण असू शकते. रागावल्याने ही सवय सुटत नाही. दिवसभर बंद घरात राहणाऱ्या कुत्र्याला पुरेसे फिरवणे उपयोगी पडते.

पार्श्वभाग जमिनीला घासणे : याचा अर्थ पोटात जंत झाले, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात गुदद्वाराजवळील दोन ग्रंथी तुंबणे, हे याचे अधिक नेहमीचे कारण असते. तुंबलेल्या ग्रंथींत पू होऊ शकतो.

लंगडी घातल्यासारखे चालणे : पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते. कुत्रा चार पावले मागचा पाय उचलून चालतो आणि पुन्हा पूर्ववत धावू लागतो. त्यामुळे दुखणे लक्षात येत नाही व सांधा झिजत जातो. गुळगुळीत फरशीवर जाड सतरंजी अंथरावी आणि वजन आटोक्यात ठेवावे.

मान एकाच बाजूला कलणे : वृद्ध कुत्र्याची मान अचानक कलली, तोल जाऊ लागला आणि बुबुळे सतत हलू लागली, की पक्षाघात झाला असे अनेकांना वाटते. पुष्कळदा हा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतील तात्पुरता बिघाड असतो व दोन-तीन आठवड्यांत बरीच सुधारणा होते. तरीही कानातील संसर्गाची तपासणी करून घ्यावी.

विलंब नको : भिंतीला डोके टेकवून उभे राहणे, मागचे पाय अचानक लुळे पडणे, पाच मिनिटांहून अधिक काळ झटके येणे, अशा वेळी तातडीने पशुवैद्यकांकडे जावे. तापानंतर एखादा स्नायू ठरावीक लयीत उडत राहणे हे डिस्टेंपरचे लक्षण असू शकते. चाल अडखळणे, जबडा लोंबणे व लाळ गळणे ही रेबीजची चिन्हे असू शकतात. अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये.

दवाखान्यात गेल्यावर कुत्रा बहुधा ती हालचाल करत नाही. म्हणून घरीच मोबाइलवर चित्रीकरण करून ते पशुवैद्यकांना दाखवावे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मात्र स्वतःहून देऊ नयेत. आयब्युप्रोफेन व पॅरासिटामॉल कुत्र्यांना विषारी ठरू शकतात.