तारांची मांडणी (घरगुती करमणूक संच)

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर व स्पीकर यांच्या तारा सुरक्षित आणि दुरुस्तीला सोप्या राहतील अशा बसवण्याची पद्धत. मुंबईतील साकीनाक्यासारख्या दाट वस्तीतील एका खोलीच्या घरात ती फार मोलाची ठरते. १९९० च्या दशकात मुंबईत केबल टीव्ही पसरला, तेव्हा एकच कोअ‍ॅक्सियल तार खिडकीतून थेट टीव्हीत जाई. ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्रीपासून शहरात डिजिटल केबल सक्तीची झाली. सेट-टॉप बॉक्सबरोबर त्याच्या तारा व अ‍ॅडाप्टरही आले.

आत येण्याआधी केबलच्या कोअ‍ॅक्सियल तारेला खिडकीबाहेर खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तिथेच ठिबकते, तारेवरून घरात उतरत नाही. मुंबईच्या पावसात हे चुकवू नये. ७५ ओहमची ही तार काटकोनात मुडपली, तर गाभा आणि जाळी यांतील अंतर बदलते, सिग्नल उलटा परततो व चित्र फुटते. विजेच्या तारा सिग्नलच्या तारांपासून दूर, वेगळ्या केसिंग-पट्टीतून न्याव्यात. तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावाव्यात. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळून टीव्हीमागे कोंबणे धोक्याचे, कारण वेटोळ्यात उष्णता साचते. एका एक्स्टेन्शन बोर्डाला दुसरा जोडू नये.