चोराच्या नावाचे दार

रायगड किनाऱ्यावरचे बंदर २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरूंच्या नावाने सुरू झाले, तरी जहाजवाहतुकीच्या कागदांवर ते ‘न्हावा शेवा’च राहिले असून त्याच्या आंतरराष्ट्रीय संकेतातील ‘एनएसए’ ही अक्षरेही त्या दोन गावांचीच आहेत. जीवाणूंच्या बाह्य पटलातील प्रथिनांनाही अशीच दुहेरी नावे लाभली. फरक इतकाच की तेथे पहिले नाव उपद्रव देणाऱ्यावरून पडले.

एशेरिकिया कोलायसारख्या जीवाणूंना दोन पटले असतात आणि बाहेरच्या पटलातून अन्न सहजी आत शिरत नाही, म्हणून त्यात पोकळ पिंपाच्या आकाराची प्रथिने रोवलेली असतात. लहान रेणू ‘पोरिन’ नावाच्या साध्या छिद्रांतून आपोआप झिरपतात. लोहाची संयुगे आणि ब-१२ जीवनसत्त्व हे मोठे व दुर्मिळ रेणू मात्र खास दारांनी, शक्ती खर्चून, आत ओढावे लागतात.

जीवाणूंवर हल्ला करणारे काही विषाणूही याच दारांना चिकटतात. शास्त्रज्ञ लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ साली जीवाणूंवर जो विषाणू सोडला, त्याला पुढे ‘टी-१’ म्हणू लागले. त्याला दाद न देणाऱ्या जीवाणूंत जी जनुके बिघडलेली आढळली, त्यांना ‘टी-वन’वरून ‘टोन’ हे नाव मिळाले. त्यांपैकी ‘टोन-ए’चे प्रथिन हे लोहाचे दार आहे, हे बऱ्याच काळाने उमगले: बुरशी लोह पकडण्यासाठी जे फेरिक्रोम बनवते, ते त्याच जागी बसते आणि फाय-८० या विषाणूला तेथे चिकटू देत नाही, असे वेन व नीलँड्स यांनी १९७५ मध्ये दाखवले. मग ‘टोन-ए’चे ‘एफएचयू-ए’ झाले. लॅम्डा विषाणूवरून नाव मिळालेले ‘लॅम-बी’ हेही मुळात माल्टोज या साखरेचे दार निघाले. यात नवल नाही, कारण विषाणूने मारलेल्या जीवाणूंचे डाग प्रयोगशाळेतील बशीवर डोळ्यांना दिसतात, साखरेची वाहतूक दिसत नाही.

ही गोष्ट बंदरापासून फार दूरची नाही. जहाजाचा तोल राखण्यासाठी टाक्यांत भरलेल्या बॅलास्ट पाण्याबरोबर पटकीचा जीवाणूही प्रवास करू शकतो, म्हणून २००४ साली संमत होऊन २०१७ मध्ये अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सोडल्या जाणाऱ्या अशा १०० मिलिलिटर पाण्यात पटकीच्या विषारी जातीची एकही वसाहत चालत नाही. याच जीवाणूच्या ‘ओएमपी-यू’ या पोरिनवर आयसीपी-२ हा विषाणू चिकटतो. हैतीतील रुग्णांत या प्रथिनाची घडण बदललेले आणि म्हणून विषाणूला न जुमानणारे जीवाणू सापडल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. दार बंद केले तर उपासमार आणि उघडे ठेवले तर मरण, अशा पेचात कुलूप बदलणे एवढाच मार्ग उरतो.

बाह्य पटलाजवळ शक्तीचा साठा नसल्याने लोहाच्या दाराला ती आतल्या पटलातून ‘टोन-बी’ हे प्रथिन पुरवते. त्याचे नाव मात्र आजवर बदललेले नाही.